राम न म्हणता रामायण

शिक्षकांच्या प्रशिक्षणवर्गात, पालकसभेत, बालसाहित्याच्या परिसंवादात एक वाक्य हमखास टाळ्या घेतं : ‘कवितेची चिरफाड करू नका, ती मुलांना अनुभवू द्या.’ त्याच्या पाठोपाठ फूल येतं. पाकळ्या तोडून फुलाचा सुगंध कळत नाही, वगैरे. मग माना डोलतात, आणि व्याकरणाला कवितेच्या तासातून रीतसर हद्दपार केलं जातं.

या मताची पूर्ण मांडणी अशी. कविता हा आनंदाचा विषय आहे. लहान वयात तिची चाल, तिचा ताल आणि तिच्यातलं चित्र एवढंच मुलापर्यंत पोचावं. शब्दाची फोड, उपसर्ग, प्रत्यय, समास, मात्रा यांपैकी काहीही मध्ये आलं की रस आटतो. म्हणून ते सगळं वेगळ्या तासाला आणि जमेल तितकं उशिरा. आशय मुलांच्या वयाला अमूर्त पडतो, म्हणून तो संदेशाच्या रूपात सांगून टाकावा. खेड्यातल्या शाळेविषयी बोलताना याला एक शेपूटही जोडतात : तिथल्या मुलांचं शब्दभांडार तोकडं, घरात पुस्तक नाही, तेव्हा त्यांना आणखी सोपं द्यावं.

हे मत उगाच जन्मलेलं नाही. ‘प्र, परा, अप, सम्’ करत संस्कृतचे बावीस उपसर्ग घोकलेल्या पिढ्या आपल्याकडे आहेत. संदर्भासहित स्पष्टीकरणाच्या साच्यात तुकाराम आणि बालकवी एकाच शब्दांत बसवणारी मार्गदर्शकं आपण वापरली आहेत. त्या छळाची चीड खरी आहे आणि ज्यांनी ती बोलून दाखवली त्यांचे उपकारही आहेत. माझं म्हणणं एवढंच की रोग बरोबर ओळखला आणि दुसराच अवयव कापला. मुलांना कवितेपासून तोडलं ते शब्द फोडण्याने नव्हे. कवितेबाहेर, कशाचीही गरज नसताना, यादी म्हणून शब्द फोडायला लावले, त्याने तोडलं.

गंमत पाहा. आनंदवादी मंडळी परीक्षेला नावं ठेवतात, परीक्षावाले त्यांना हवेतले समजतात, पण या एका मुद्द्यावर दोघांचं पूर्ण एकमत आहे. दहावीच्या मराठी कुमारभारतीची कृतिपत्रिका उघडा. दुसऱ्या विभागात पद्य. तिथे कवीचं नाव, कवितेचा विषय, शब्दांचे अर्थ, कवितेतून मिळणारा संदेश आणि कविता आवडण्याचं किंवा न आवडण्याचं कारण. मध्ये स्थूलवाचनाची भिंत. मग चौथ्या विभागात भाषाभ्यास, त्यात शब्दसिद्धीचा तक्ता : उपसर्गघटित, प्रत्ययघटित, अभ्यस्त. दिलेले शब्द योग्य रकान्यात लिहा. ते शब्द कुठून आले, त्यांनी कुठे काय काम केलं, याच्याशी तक्त्याला देणंघेणं नाही. ‘रिमझिम’ अभ्यस्त आहे हे लिहिलं की गुण मिळतो. पावसाच्या कवितेत ते अभ्यस्त का लागतं हे तक्ता विचारत नाही. कविता इकडे आणि शब्दांची मोडणी तिकडे ही फाळणी शिकवण्यात आधीच झाली आहे. ती अजून पक्की करा, असं आनंदवादी सांगत आहेत.

या फाळणीची खरंच गरज आहे का, हे पाहायला आता शाळेबाहेर, बारामती-इंदापूर रस्त्यावरच्या लासुर्णे या गावाकडे येऊ. तुकोबांची पालखी बारामती सोडल्यावर काटेवाडी, सणसर, बेलवाडी करत या गावावरून अंथुर्णे, निमगाव केतकी आणि इंदापूरकडे जाते. काटेवाडीला धोतरांच्या पायघड्या आणि मेंढ्यांचं रिंगण, बेलवाडीला गोल रिंगण. या पट्ट्यातलं मूल शाळेत जायच्या आधीपासून अभंग ऐकतं, कीर्तन ऐकतं. आणि कीर्तनात काय चालतं? कीर्तनकार एक अभंग निरूपणाला घेतो आणि दोन तास तोच चालवतो. चरण उचलतो, त्यातल्या एका शब्दावर थांबतो, तो उलगडतो, तोच शब्द दुसऱ्या संताच्या अभंगातून आणून शेजारी ठेवतो, दृष्टांत देतो, पुन्हा चरणावर येतो. टाळकरी चाल उचलतात. इतकी बारीक चिरफाड कुठल्याही मराठी शाळेत कधी झाली नसेल. तरी मांडवातली म्हातारी उठून म्हणत नाही की, महाराज, रस आटला. उलट, ज्या शब्दावर कीर्तनकार जास्त रेंगाळला तोच ती घरी घेऊन जाते. जुन्या व्याख्यानपद्धतीतही पदच्छेद, विग्रह आणि अन्वय या रस चाखण्याच्याच पायऱ्या होत्या. फोडीने रस मरतो हा आपला अनुभव नाही. तो आपल्या वर्गाचा अनुभव आहे, आणि दोष वर्गात शोधायला हवा.

मोरोपंत याच वाटेवर बारामतीत राहत होते. जन्म १७२९चा, पन्हाळ्याचा; पण बाबूजी नाईकांच्या आश्रयाने ते बारामतीला आले आणि १७९४ साली वारले तोवर त्यांचं लेखन मुख्यतः तिथेच झालं. आर्याभारत, केकावली आणि परंपरेने १०८ मानलेली रामायणं. त्यांच्या आर्या हरिदासांच्या तोंडून गावोगाव गेल्या. परशुराम बल्लाळ गोडबोल्यांनी १८५४ साली ‘नवनीत’मध्ये जुन्या कवितेचे वेचे काढले आणि पंडित कवी विद्यार्थ्यांच्या हातात आले. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी निबंधमालेत मोरोपंतांच्या कवितेवर विस्ताराने लिहिलं. पुढे वारं फिरलं. इंग्रजी भावकवितेच्या ओळखीने आपली रुची बदलली आणि मोरोपंत हे ‘कारागीर’ ठरले : यमकं जुळवणारे, शब्द घासणारे, म्हणून कमी प्रतीचे. आजच्या ‘चिरफाड नको’ची मुळं मला इथे दिसतात. शब्दाशी झटापट केली की भावना खोटी, ही समजूत त्या काळी वाङ्मयात रुजली आणि झिरपत झिरपत तिसरीच्या वर्गापर्यंत आली. गंमत अशी की, ज्या केशवसुतांच्या नावाने ती सांगितली जाते, त्यांनीच चौदा ओळींचं काटेकोर सुनीत मराठीत आणलं. बंधन तोडणाऱ्यानेही दुसरं बंधन हाती घेतलंच.

मोरोपंतांचं एक रामायण निरोष्ठ आहे. ओठांचे वर्ण त्यात नाहीत. प्रौढ वाचक याला कसरत म्हणून पुढे जातो. नऊ-दहा वर्षांच्या मुलापुढे ही अट ठेवून बघा. प, फ, ब, भ, म या पाच अक्षरांना बंदी. (व्याकरणकार उ-ऊ सुद्धा ओठांचेच मानतात, पण वर्गात प-वर्गापुरतं ठेवलं तरी भागतं.) मूल तोंडापुढे हात धरून एकेक नाव म्हणून पाहतं आणि त्याच्या लक्षात येतं की ‘राम’ म्हणता येत नाही. म मध्ये ओठ मिटतात. लक्ष्मण गेला, भरत गेला, हनुमान गेला, मारुतीही गेला, बिभीषण तर दोनदा गेला. रावणाची मात्र काही अडचण नाही. आता नायकाचं नाव न घेता रामायण सांगायचं कसं?

इथे व्याकरण दार ठोठावत येतं, कोणी बोलावलेलं नसताना. कौसल्येचा लेक म्हणता येईल. जानकीचा नाथ म्हणता येईल. हनुमान नाही, पण अंजनीसुत चालेल. मग शिक्षकाने एकच शब्द पुढे करायचा : दाशरथी. दशरथाचा तो दाशरथी. आणि विचारायचं, जनकाची कोण? जानकी. रघूच्या कुळातला? राघव. पांडूचे? कुरूचे? द्रुपदाची? पांडव, कौरव, द्रौपदी ही नावं मुलांना तोंडपाठ असतात. ती बापाच्या किंवा कुळाच्या नावावरून तयार झाली आहेत आणि होताना पहिला स्वर, तो आधीच दीर्घ नसेल तर, फुगला आहे, हे मात्र कोणी दाखवलेलं नसतं. याला तद्धित म्हणतात. तो शब्द फळ्यावर आला काय आणि न आला काय. मुलाला प्रत्यय ही वस्तू कशासाठी असते ते कळलं. नाव अडलं तेव्हा तिने वाट काढून दिली. आणि नेमकी हीच गोष्ट बारामतीच्या कवीला अडली होती. मूल सव्वादोनशे-अडीचशे वर्षांपूर्वीच्या कवीच्या खुर्चीत बसून आलं. याहून जास्त ‘कविता अनुभवणं’ काय असतं, हे आनंदवाद्यांनी मला सांगावं.

यावर एक आक्षेप येईल : हा खेळ हुशार मुलांचा, सगळ्यांना इतकं जमत नाही, शब्दाचे घटक ओळखणं हे मुळात वरच्या वयाचं काम आहे. या आक्षेपाला जुनं आणि फार देखणं उत्तर आहे. १९५८ साली जीन बर्को या अमेरिकन संशोधिकेने चार ते सात वर्षांच्या मुलांपुढे एका काल्पनिक प्राण्याचं चित्र ठेवलं आणि त्याला ‘वग’ हे कधीही न ऐकलेलं नाव दिलं. मग तसेच दोन दाखवून विचारलं, आता हे दोन काय? बहुतेक मुलांनी इंग्रजीच्या नियमाने अचूक अनेकवचन केलं. शब्द पाठ असण्याचा प्रश्नच नव्हता, तो जगातच नव्हता. नियम मुलांच्या आत होता. मराठीत हे याहून मजेदार होतं, कारण आपल्याकडे सामान्यरूप आहे. पहिलीच्या मुलाला सांगा की हा ‘टुपका’. दोन असले तर? टुपके. शेपूट कोणाची? टुपक्याची. ‘टुपकाची’ असं ते म्हणत नाही. आकारान्त पुल्लिंगी नामाचं सामान्यरूप ‘या’कारान्त होतं हा दामल्यांच्या व्याकरणातला नियम त्याने न शिकता पाळलेला असतो. म्हणजे शब्दघटक मुलाकडे आहेतच. नसतात ती फक्त त्यांची पुस्तकी नावं, आणि ती उशिरा आली तर कोणाचं काही अडत नाही.

तरीही प्रतिपक्षाचा एक मुद्दा उरतो. नकळत येणं वेगळं आणि मुद्दाम दाखवून देणं वेगळं. दाखवल्याने सहजपणा जातो. हे मी अर्धं मान्य करतो. कविता पहिल्यांदा कानावर पडताना मध्ये थांबू नये. दोनदा, तीनदा, वाटल्यास आठवडाभर ती नुसतीच म्हणावी. पण त्यानंतर दाखवण्याने काय होतं ते मुलांच्या स्वतःच्या कवितेत पाहायला मिळतं. मुलं पहिल्यांदा लिहितात तेव्हा ‘गेली, आली, झाली’ अशी यमकं येतात. शाळेला, गावाला, ताईला. शिक्षक छान म्हणतो, कारण अनुभवू द्यायचं असतं. इथे यमक कवीने जुळवलेलंच नाही. प्रत्ययाने फुकट दिलं आहे. ‘ला’ बाजूला काढा : शाळे, गावा, ताई. काहीच उरत नाही. आता ‘शाळेला’ आणि ‘वेळेला’ घ्या. ‘ला’ काढला तरी ‘ळे’ला ‘ळे’ भेटतो. हा फरक एकदा कानाला कळला की मूल पुढच्या ओळीसाठी जास्त शोधतं, आणि शोधताना ज्या शब्दाची त्याला अपेक्षा नव्हती तो सापडतो. प्रत्यय ओळखता आला म्हणून कविता सुधारली. व्याकरणाचा आणि कवितेचा तास इथे कोणत्या मिनिटाला वेगळा करायचा, ते मला खरंच सांगता येणार नाही.

या ठिकाणी केनेथ कोक या अमेरिकन कवीशी माझं थोडं भांडण आहे. त्याने न्यूयॉर्कच्या शाळा क्रमांक ६१मध्ये मुलांना कविता शिकवली आणि १९७० साली त्यावर पुस्तक लिहिलं, ते जगभर वाचलं गेलं. त्याचा मोठा गुण असा की ‘मनातलं लिहा’ असं त्याने म्हटलं नाही. त्याने प्रत्येक वेळी मुलांच्या हातात एक चौकट दिली : प्रत्येक ओळीत एक इच्छा, किंवा ‘पूर्वी मी असा होतो, आता असा आहे’. मोकळं सोडलेलं मूल गोठतं आणि चौकटीतलं मूल धावतं, हे त्याने दाखवून दिलं. पण यमक मात्र त्याने टाळायला लावलं, कारण इंग्रजीत लिहिणारी मुलं यमकाच्या मागे लागून अर्थ सोडत होती. मराठीत हा सल्ला जसाच्या तसा उचलू नये. आपल्या भाषेत यमक स्वस्त आहे. ते टाळून मुलांचं नुकसान होतं, आणि ते स्वस्त का आहे हे दाखवून फायदा होतो.

महाग यमक कसं असतं हे दाखवायला लासुर्ण्याच्या मुलांना एकच शब्द पुरेल : वारी. पंढरीची वारी. सोमवारी, म्हणजे वार आणि ई. संकट वारी, म्हणजे दूर करतो. त्याला ‘नि’ लावला की निवारी. आणि संस्कृतात वारि म्हणजे पाणी. चार ओळी चार ‘वारीं’वर संपवता येतात आणि प्रत्येक ‘वारी’ची घडण निराळी असते. मोरोपंतांची यमकं याच जातीची आहेत : आवाज तोच, मोड निराळी. ज्याला शब्द कुठे मोडतो हे दिसत नाही त्याला ती नुसती किणकिण वाटतात, आणि मग तो त्यांना कारागिरी म्हणतो.

आता ते शेपूट : खेड्यातल्या मुलांचं शब्दभांडार. नीरा डाव्या कालव्याच्या या पट्ट्यात मुलं घरी जे शब्द ऐकतात त्यांची नुसती उजळणी करू. उसाची लागण तीन तऱ्हेची : आडसाली, पूर्वहंगामी, सुरू. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टात लागतो आणि दीड वर्षाच्या आसपास रानात उभा राहतो. साल आडवं टाकून पुढे जातो. ‘आड’ हा मराठीचा स्वतःचा उपसर्ग आहे, आणि आडवाट, आडनाव, आडकाठी, आडरान ही त्याचीच भावकी. पूर्वहंगामीत पूर्व संस्कृत, हंगाम फारसी आणि शेवटी ‘ई’. निरनिराळ्या मुलुखांचे तुकडे एका सरीत. भाषा कशी घडते याचा यापेक्षा चांगला धडा कुठल्या पाठ्यपुस्तकात आहे? शाळेत मात्र उपसर्ग म्हटला की ‘अधिपती’ आणि ‘पराजय’ यांपासून सुरुवात, आणि मुलं बुजली की त्यांचं शब्दभांडार तोकडं.

‘दार’ घ्या. बागायतदार, ठेकेदार, जमीनदार : ज्याच्याकडे ती वस्तू आहे तो. मग पाणीदार कोण? ज्याच्याकडे पाणी आहे तो नव्हे, नाहीतर कालव्याच्या मुखाकडचे सगळेच पाणीदार ठरले असते. पाणीदार डोळे असतात, पाणीदार घोडा असतो. प्रत्यय तोच असून अर्थाने उडी मारली, आणि ही उडी म्हणजेच कविता. कारखान्याच्या हंगामात तर मुलं याहून पुढचं ऐकतात. मुकादम अमुक इतके ‘कोयते’ घेऊन आला म्हणतात तेव्हा कोयता म्हणजे पोलादाचं पातं नसतं. कोयता म्हणजे ऊस तोडणारी नवरा-बायकोची जोडी. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, कोयत्यामागे ठरते. मराठीच्या व्याकरणात शब्दशक्ती शिकवताना लक्षणेची तीच ती घासलेली उदाहरणं देतात. इथे माणसांची जोडी हत्याराच्या नावाने मोजली जाते आणि ही लक्षणा रोज उसाच्या फडात बोलली जाते. हे उदाहरण वर्गात आणलं तर आशयाकडे जायला वेगळी शिडी लागत नाही. माणसाला हत्याराचं नाव का पडलं, हा प्रश्न मुलंच विचारतात.

मला सगळ्यात आवडतो तो कालव्याचा शब्द, आवर्तन. आवर्तन सुटलं, आवर्तन लांबलं, यंदा उन्हाळी आवर्तनं किती मिळणार, ही चर्चा घराघरात असते. पाणी ठरलेल्या अंतराने फिरून येतं, ते आवर्तन. माधव ज्यूलियनांच्या ‘छंदोरचने’त हाच शब्द मराठी कवितेच्या तालाचा आधार आहे. आठ मात्रांचा गट फिरून फिरून येतो ती रचना पद्मावर्तनी, सहा मात्रांची भृंगावर्तनी. भुंग्याला सहा पाय असतात, इतकं सोपं आहे ते. शहरातल्या विद्यार्थ्याला आवर्तन समजावून सांगावं लागतं. इथल्या मुलाला ते शेतात माहीत आहे. त्याला फक्त सांगायचं की कवितेतही पाळी असते आणि ती चुकली की ओळ कोरडी पडते. मग लघूला एक टाळी, गुरूला दोन. आर्येच्या चरणांत बारा, अठरा, बारा, पंधरा मात्रा. मोरोपंतांना चौथ्यातही अठरा लागत, म्हणजे त्यांच्या बहुतेक आर्या शास्त्राने गीती आहेत. अभंगाला मात्रांऐवजी अक्षरं मोजायची : मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा, चार. ते शेवटचे चार का, हे पालखीत टाळ वाजवलेल्या मुलाला विचारा. तो सांगणार नाही, टाळ वाजवून दाखवेल.

अक्षरओळख नसलेल्या माणसाला शब्दाच्या घडणीची जाण नसते, या गृहीताला तर बहिणाबाई चौधरींनी कायमचं उत्तर देऊन ठेवलं आहे. १८८० साली असोद्यात जन्मलेल्या या बाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. १९५१ साली त्या गेल्या आणि पुढच्या वर्षी, मुलगा सोपानदेव आणि आचार्य अत्रे यांच्या खटपटीने, त्यांची कविता छापली गेली. कशाला काय म्हणू नये याची एकामागून एक नोंद करणारी त्यांची रचना प्रसिद्ध आहे. वस्तूला तिचं नाव केव्हा शोभत नाही, हा तिचा विषय. शब्द आणि अर्थ यांच्यातली फट इतकी नेमकी दाखवणारी कविता शिकलेल्यांनीही फार लिहिलेली नाही.

राहता राहिला आशय. मुलांना अमूर्त कळत नाही म्हणून संदेश द्यावा, असं म्हणतात. एकनाथांचं विंचवाचं भारूड गावात रंगतं तेव्हा पुढे बसलेली पोरं हसतात, आणि तो विंचू म्हणजे रानातला विंचू नव्हे हेही त्यांना ठाऊक असतं. दोन्ही एकाच वेळी. तिथे कोणी येऊन ‘या भारुडातून मिळणारा संदेश’ सांगत नाही. संदेश ही आशयाची वाळलेली काडी आहे. आशय म्हणजे कवितेला पुन्हा पुन्हा ज्याची ओढ लागते ते. तो एका कवितेतून काढून दाखवणं मोठ्यांनाही अवघड जातं, पण दोन कविता शेजारी ठेवल्या की लहानांनाही दिसतो. बालकवींचा श्रावण आणि ना. धों. महानोरांच्या ‘रानातल्या कविता’मधला पाऊस एका दिवशी वाचा. पाऊस तोच, पण कोणाचा? बघणाऱ्याचा की पेरणाऱ्याचा? इंदापूर तालुक्यात एकीकडे कालव्याखालचा ऊस आणि दुसरीकडे पावसाकडे डोळे लावलेलं जिरायत रान असताना हा प्रश्न मुलांना परका वाटण्याचं कारण नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या आणि त्या विषयवार लावल्या : सीतेचा वनवास, माहेर, भाऊ-बहीण, पंढरी. एकटी ओवी चटकन संपते. दहा ओव्या एकत्र आल्या की बायका कशाविषयी बोलत होत्या ते आपोआप उभं राहतं. वर्गातल्या प्रत्येकाने आजीकडून एक ओवी आणली तरी आशयाचा तास होतो, आणि तिथे मार्गदर्शकाचा काही उपयोग नसतो, कारण ती ओवी त्यात नसते.

अशा शिकवण्यात चुका होतात, हे लपवण्यात अर्थ नाही. एकदा फोड करायची चटक लागली की मुलं कशाचीही फोड करतात. ‘बेहिशेबी’त ‘बे’ आहे तर ‘बेसन’मध्येही असणार. ‘नालायक’मध्ये ‘ना’ तर ‘नारळ’मध्येही. प्रतिपक्ष इथे बोट ठेवून म्हणेल, बघा, भलतंच शिकली. पण या चुकीला फटकारण्याऐवजी एक प्रश्न विचारावा : मग ‘रळ’ म्हणजे काय? मूल विचार करतं, हसतं, फोड मागे घेतं, आणि पुढच्या शब्दाला ते आधी उरलेल्या तुकड्याकडे बघतं. ‘बेरंग’ला रंग उरतो, बरोबर. ‘बेल’ला ल उरतो, चूक. ‘बेजार’पाशी मात्र वर्ग अडतो, आणि तिथे शिक्षकालाही कोश उघडावा लागतो.